डोळे उघडे ठेवण्याचा सराव

बॉक्सिंगमधल्या माझ्या पहिल्या स्पॅरिंगचे, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या सराव-लढतीचे, चित्रीकरण अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. कुणीतरी बाकावर फोन टेकवून ते केले होते, त्यामुळे निम्म्या चौकटीत भिंतच दिसते. पण जेवढे दिसते तेवढे पुरेसे आहे. घंटा होते, मी दोन पावले पुढे येते, समोरच्या मुलीचा डावा हात हलतो आणि माझे डोळे मिटतात. फटका लागण्याआधीच मिटतात. मग मी मिटल्या डोळ्यांनी दोन-तीन ठोसे हवेत मारते, श्वास कोंडून धरते आणि पाऊण मिनिटाच्या आत धापा टाकू लागते. त्या काळात मी रोज सकाळी मये तलावाच्या रस्त्याने पाच किलोमीटर धावत होते आणि धावून आल्यावर माझे बोलणेही अडखळत नसे. तेव्हा दमसास कमी पडला, असे म्हणण्याचीही सोय नव्हती.

मी डिचोलीच्या एका छापखान्यात मुद्रितशोधक आहे. लग्नपत्रिका, देवस्थानांच्या उत्सवांचे कार्यक्रम, जत्रेतल्या नाटकांची हस्तपत्रके यांतले ऱ्हस्व-दीर्घ पाहण्यात दिवस जातो. 2023 साली 37 व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, तेव्हा मैत्रिणीच्या आग्रहाने मी बॉक्सिंगच्या लढती पाहायला गेले आणि तिथेच हे खूळ डोक्यात शिरले. वय 26 होते. घरच्यांना नाकाची काळजी, लग्न जमवणाऱ्या मामीला दातांची. मला मात्र भीतीविषयी फारसे काही वाटत नव्हते, कारण महिला मंडळाच्या नाटकांतून काम करत असल्यामुळे हजारभर माणसांसमोर उभे राहण्याची सवय होती. तिसऱ्या घंटेला पोटात पडणारा खड्डा आणि पहिले वाक्य तोंडातून गेल्यावर त्याचे नाहीसे होणे, हे मला पाठ होते. रिंगमध्येही असेच होईल, अशी माझी समजूत होती. ती पाऊण मिनिट टिकली. रंगमंचावर समोरच्या पात्राला तुमचे वाक्य नीट यावे असेच वाटत असते, विसरलात तर तो सावरून घेतो, आणि विंगेत प्रॉम्प्टर असतो. रिंगमध्ये समोरची व्यक्ती तुमच्या विसरण्याचीच वाट पाहत असते.

मी आरंभ केला ती जागा वेगळी होती आणि तिच्याविषयी थोडक्यातच लिहिते. तिथे शिकवणाऱ्यांचे मत असे होते की मार खाल्ल्याशिवाय मन घट्ट होत नाही. दोन महिने झाले नाहीत तोच त्यांनी मला माझ्यापेक्षा किमान पंधरा किलो जड असलेल्या मुलासमोर उभे केले. त्याने मुद्दाम जोर लावला असे मी म्हणणार नाही, पण कानशिलावर बसलेल्या एका हूकनंतर, म्हणजे वाकवलेल्या हाताने बाजूने मारलेल्या ठोशानंतर, मला पुढचे काही नीट आठवत नाही. त्या रात्री मळमळ सुरू झाली, दुसऱ्या दिवशी प्रूफवरच्या ओळी एकमेकींवर चढू लागल्या, आणि तरीही तिसऱ्या दिवशी मी सरावाला गेले, कारण डोके दुखते असे सांगणे म्हणजे कच खाणे, असे मला तिथे शिकवले गेले होते. डॉक्टरांनी मेंदूला हादरा बसल्याचे सांगितले, विश्रांती सक्तीची केली आणि पहिला हादरा ओसरण्याआधी दुसरा बसला तर काय होऊ शकते ते स्पष्ट शब्दांत समजावले. स्पर्धांच्या नियमांतसुद्धा डोक्यावरच्या फटक्यांमुळे लढत थांबली तर खेळाडूला किमान 30 दिवस रिंगपासून दूर ठेवले जाते. मी तिसऱ्या दिवशी गेले, याला पुष्कळ दिवस मी मनाचा कणखरपणा समजत होते. आज मला तो निव्वळ भित्रेपणा वाटतो. लोक काय म्हणतील याची भीती डोक्याच्या दुखण्याहून मोठी ठरली, एवढाच त्याचा अर्थ.

पावसाळ्यात म्हापशाजवळच्या एका सभागृहात शिकवणाऱ्या सरांकडे गेले. त्यांनी माझे ते चित्रीकरण दोनदा पाहिले आणि पुढचे तीन महिने स्पॅरिंग बंद, असे सांगितले. मला अपमान झाल्यासारखे वाटले. त्यांचे म्हणणे साधे होते: चेहऱ्याकडे वेगाने काही येताना पापणी मिटणे हा शरीराचा स्वभाव आहे, त्याची लाज बाळगण्यात अर्थ नाही आणि धीर दिल्याने तो बदलतही नाही. मोठा मार खाऊन तर तो अधिकच पक्का होतो, कारण शरीराला आपण मिटलो तेच बरे झाले असे वाटू लागते. पापणीला हळूहळू, थोड्या थोड्या जोराने, पण शेकड्यांनी पटवावे लागते.

त्यासाठी त्यांनी केलेली युक्ती मी मुद्दाम सविस्तर सांगते. मला भिंतीला पाठ लावून उभे करीत, दोन्ही ग्लोव्ह्ज कपाळाशी. समोर सतरा वर्षांची एक मुलगी, तिच्या ग्लोव्ह्जवर रंगीत चिकटपट्ट्यांचे छोटे तुकडे लावलेले: तांबडा, पांढरा, निळा, आणि त्यांच्या जागा दर फेरीला बदललेल्या. ती अगदी सावकाश जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारी; तो माझ्या ग्लोव्हवर येऊन टेके, आणि टेकताना मुठीच्या पुढच्या भागावर कोणता रंग होता ते मला सांगावे लागे. डोळे मिटले की रंग चुके. बस्स, एवढेच. पहिल्या संध्याकाळी वीसपैकी सात रंग बरोबर आले. सर बाजूला बसून, मान वर न करता, दर चुकीला एकच वाक्य म्हणत: “दोळे उकते दवर.” डोळे उघडे ठेव. रागावून नाही, उत्तेजन देऊनही नाही; बसमधला कंडक्टर थांब्याचे नाव घेतो त्या आवाजात. महिन्याभराने जॅबचा वेग वाढला, दीड महिन्याने मी भिंत सोडली, आणि दोन महिन्यांनी तो ठोसा ग्लोव्हऐवजी हेडगार्डवर हलकेच टेकू लागला. पापणी अजूनही लवते, पूर्ण थांबत नाही. पण मिटून राहत नाही, लगेच उघडते, आणि मधल्या त्या फरकात बरेच काही दिसते.

माझी दुसरी अडचण सरांच्या आधी त्या मुलीने ओळखली. मारताना मी कचरत होते. मार खाण्याच्या भीतीवर सगळेच बोलतात, पण मारण्याच्याही भीतीने हात जखडतात हे मला कुणी सांगितले नव्हते. माझा ठोसा तिच्या चेहऱ्यापर्यंत पोचला की माझ्या तोंडून आपोआप सॉरी निघे. माउथगार्डमुळे ते विचित्र ऐकू येई आणि बाकावरची मुले हसत. सरांनी एकदा विचारले, “सॉरी कित्याक म्हणटा गो?” मला उत्तर देता आले नाही. उत्तर त्या मुलीनेच दिले. सराव संपल्यावर हातपट्ट्या गुंडाळताना ती म्हणाली, “ताई, तू हळू मारतेस ना, म्हणून माझा गार्ड तुझ्यासमोर ढिला राहतो. मग स्पर्धेत मला लागतं.” गार्ड म्हणजे बचावासाठी चेहऱ्यापुढे धरलेले हात. सतरा वर्षांच्या मुलीने इतक्या सरळपणे सांगितलेले हे वाक्य मला पुढे फार उपयोगी पडले. मी ज्याला सौजन्य समजत होते त्याची किंमत तिला मोजावी लागत होती. त्यानंतर आम्ही आधीच ठरवून घेऊ लागलो की आज किती जोराने, फक्त जॅब की सगळे ठोसे, आणि कुणी हात वर केला की थांबायचे. ठरल्या जोरात फसवणूक करायची नाही, वरही नाही आणि खालीही नाही. सॉरी म्हणणे बंद व्हायला मात्र चतुर्थी उजाडली.

चतुर्थीचा उल्लेख आलाच आहे तर श्वासाचेही सांगून टाकते. ठोसा मारताना श्वास बाहेर सोडायचा, हे प्रत्येक शिक्षक पहिल्या दिवशी सांगतो आणि मीही बॅगवर ते बिनचूक करीत असे; पण समोर माणूस आला की श्वास छातीत अडे. श्वास अडला की खांदे कानांपर्यंत चढत, खांदे चढले की हात जड होत, आणि हात जड झाले की मन म्हणे, आता आपले संपले. म्हणजे हार मनात सुरू होते असे जे म्हणतात, ते माझ्या बाबतीत उलटे होते. ती फासळ्यांत सुरू होऊन मनाला उशिरा कळत होती. चतुर्थीत आमच्या अंगणात फुगडी रंगली होती. माझी आत्या साठीची, गुडघे दुखरे, पण कंबरेत वाकून गती वाढवत नेली आणि शेवटी सगळ्याजणी तोंडाने जो “फू फू” आवाज काढतात तो काढताना तिला दम लागलेला नव्हता. मी मात्र थांबून खांबाला टेकले होते. विचारल्यावर ती म्हणाली, “अगं, फू केल्याशिवाय वारा आत कसा येणार?” पुढच्या सोमवारी मी प्रत्येक ठोशाला फू केले. मुले पुन्हा हसली. सर हसले नाहीत. त्यांनी फक्त आवाज थोडा कमी करायला सांगितला, कारण समोरच्याला त्यावरून ठोसा ओळखता येतो.

दोन फेऱ्यांमधल्या एका मिनिटाचाही असाच सराव करावा लागला. स्टुलावर बसायचे, माउथगार्ड काढून दिले जाते, एक घोट पाणी, आणि मग नाकाने श्वास घेऊन त्याच्या दुप्पट वेळ लावून सोडायचा. असे सहा श्वास मिनिटात आरामात बसतात. पहिल्या तीन श्वासांत काहीही ऐकू येत नाही, म्हणून सरही तेव्हा काही बोलत नसत. चौथ्याला ते एकच गोष्ट सांगत. दोन सांगितल्या तर मी दोन्ही विसरते, हे त्यांनी माझ्याआधी जाणले होते.

पावसाविषयी एक तक्रार नोंदवते, कारण मन खचवण्यात त्याचाही वाटा होता. जून ते सप्टेंबर आमच्याकडे काहीच वाळत नाही. ग्लोव्ह्जच्या आत बुरशी धरते, हातपट्ट्यांना कुबट वास येतो, आणि सभागृहाच्या पत्र्यावर पाऊस पडत असताना घंटासुद्धा ऐकू येत नाही. मी छापखान्यातली वाया गेलेली प्रूफे ग्लोव्ह्जमध्ये कोंबून ठेवू लागले. एकदा त्यातून काढलेल्या कागदावर मीच तपासलेल्या नाटकाच्या हस्तपत्रकात “शूर” या शब्दातला ऊ ऱ्हस्व राहिलेला दिसला आणि त्या दिवशी सरावात माझे चित्त लागले नाही.

त्या मुलीकडून मी आठ महिने सतत हरत होते. सरावात हार-जीत नसते हे मान्य आहे, पण कोण कुणाला मागे रेटत आहे हे दोघांनाही कळते. मी कंटाळून दुसरी जोडीदार मागितली, तेव्हा सरांनी भारताची बॉक्सर लवलिना बोर्गोहेन हिचे उदाहरण दिले. 2018 च्या जागतिक स्पर्धेत उपांत्य फेरीत चिनी तैपेईच्या चेन निएन-चिनने तिला हरवले होते आणि पुढे विजेतेपदही मिळवले होते. टोकियो ऑलिंपिकमध्ये पदक निश्चित करणाऱ्या उपांत्यपूर्व लढतीत तीच चेन लवलिनाच्या समोर आली आणि या वेळी लवलिना 4–1 ने जिंकली. मी ती लढत रात्री पाहिली. लवलिना माझ्याहून कितीतरी उंच, तिची तयारी कुठे आणि माझी कुठे, तेव्हा तुलना करण्याचा प्रश्नच नव्हता. पण ज्या व्यक्तीकडून आपण हरलो आहोत तिच्याविषयी आपल्याला इतर कुणाहीपेक्षा जास्त माहिती असते, हा विचार मला तोवर सुचला नव्हता. मी एक वही केली आणि त्या मुलीने मला कोणत्या ठोशाने, मी काय करत असताना पकडले ते रोज लिहू लागले. तीन आठवड्यांत वहीत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येऊ लागली: जॅब मारून माझा डावा हात परत येताना खाली येतो. तोवर मला वाटत होते की ती माझे मन ओळखते. ती फक्त माझा हात पाहत होती. त्या दिवसापासून तिचा धाक बराच उतरला.

सरांच्या सगळ्या सरावांत मला सर्वात निरर्थक वाटलेला आणि सर्वात उपयोगी पडलेला सराव थांबण्याचा होता. काही शनिवारी ते आम्हाला पूर्ण तयारी करायला लावीत, म्हणजे दोरीवरच्या उड्या, छायायुद्ध (समोर कुणी नसताना हवेत ठोसे मारणे), पॅडवर दोन फेऱ्या, अंगाला घाम. आणि मग ग्लोव्ह्ज बांधलेल्या स्थितीत बाकावर बसवून ठेवीत. किती वेळ ते सांगत नसत. कधी दहा मिनिटे, कधी पन्नास. मोबाइल नाही, गप्पा नाहीत. अंग थंड पडे, घाम वाळून खाज सुटे, नाकावर माशी बसली तरी ग्लोव्हने हाकलावी लागे. आणि मग अचानक नाव पुकारून रिंगमध्ये. पहिल्यांदा मी बाकावरच दहा वेळा लढले आणि दहाही वेळा हरले. प्रत्यक्षात उठले तेव्हा पायांत जोर नव्हता. काल्पनिक लढतीतही काळीज तसेच धडधडते, तेवढीच शक्ती जळते. पुढे मी बाकावर बसून दुसरे काहीतरी करायला शिकले: जमिनीवरच्या फरश्या मोजणे, त्यांच्यातल्या फुटलेल्या फरशीशी पुन्हा येणे, आणि दर थोड्या वेळाने उठून घोटे फिरवणे. ध्यानधारणा वगैरे मोठे नाव त्याला देऊ नये.

गेल्या वर्षाअखेर एका स्थानिक स्पर्धेत मी 57 किलो गटात नाव दिले. आदल्या संध्याकाळी वजन 57 किलो 400 ग्रॅम भरले आणि मी रात्रभर त्या 400 ग्रॅमचाच विचार केला. जेवले नाही, पाणी मोजून प्याले, दोनदा उठून काट्यावर उभी राहिले. आई दाराशी येऊन नुसती बघून गेली. आता वाटते की तो विचार सोयीचा होता. लढतीच्या भीतीला आकडा नसतो आणि वजनाला असतो, म्हणून मन आकड्याला धरून बसले. सकाळी वजन 56 किलो 700 ग्रॅम होते. म्हणजे भात खाल्ला असता तरी चालले असते.

माझी लढत अकराच्या सुमारास होती, ती दुपारी दोननंतर झाली. या वेळात मला सारख्या जांभया येत होत्या. शेजारच्या मुलीच्या वडिलांनी विचारले, झोप झाली नाही का? मला मात्र राष्ट्रीय स्पर्धांच्या वेळी वाट पाहत बसलेली एक खेळाडू अशीच जांभया देताना दिसली होती आणि मी तेव्हा तिला आळशी ठरवले होते, ते आठवले. मनावर ताण असतानाही जांभया येतात, हे मला पुढे सरावात कळले. सभागृहाच्या फरश्या मोठ्या होत्या. बाकापासून दारापर्यंत बावीस भरल्या.

पहिली फेरी मी वाईट खेळले. दीड मिनिटाच्या सुमारास प्रतिस्पर्धी मुलीचा उजवा हात माझ्या गार्डच्या मधून सरळ आत आला आणि रेफरीने आम्हाला थांबवून मोजायला सुरुवात केली. मी पडले नव्हते, पण मोजणी एकदा सुरू झाली की तुम्ही ठीक असलात तरी आठपर्यंत होतेच. आठ सेकंद म्हणजे किती, हे बाहेरून कळत नाही. दोनपर्यंत मला शरम वाटली. तीनला आई प्रेक्षकांत नाही हे आठवून बरे वाटले. मग एक लांब श्वास सोडला, रेफरीच्या डोळ्यांकडे पाहिले, ग्लोव्ह्ज वर उचलले. डोके गरगरत नव्हते, हेही तपासून घेतले, कारण गरगरले असते तर ते सांगायचे असे मी स्वतःशी ठरवून आले होते. आठ झाले, “बॉक्स” म्हटले गेले, आणि मी जॅब मारून हात सरळ गालाशी परत आणला. त्या जॅबने तिला काही झाले नाही. पण तो तिथे होता.

स्टुलावर चौथ्या श्वासाला सर म्हणाले, तिचा उजवा येण्याआधी तिचा पाय सरकतो, पाय बघ. दुसरी फेरी बरोबरीची वाटली, तिसरी माझी होती असे मला आजही वाटते. पाच पंचांपैकी चौघांनी लढत तिला दिली. तिचा हात वर गेला तेव्हा मला वाईट वाटले आणि त्याच वेळी भयंकर भूक लागली. परतताना म्हापशाच्या बसस्थानकावर मी दोन प्लेट भाजी-पाव खाल्ले आणि आईला फोनवर आधी नाक शाबूत असल्याचे आणि मग हरल्याचे सांगितले.

सोमवारी सरांनी त्या लढतीचे चित्रीकरण लावले. तिसऱ्या फेरीत एका ठिकाणी तिचा उजवा हात माझ्या हेडगार्डवर बसतो; तिथे त्यांनी चित्र थांबवले, बोटांनी मोठे केले आणि फोन माझ्यासमोर धरला. ग्लोव्ह कपाळाला टेकलेला, केस उडालेले, माउथगार्ड अर्धे दिसते आहे आणि मी सरळ तिच्या पायाकडे बघते आहे.

“पळय,” ते म्हणाले, “दोळे उकते आसात.”

मी काही बोलण्याआधीच त्यांनी चित्र पुढे सरकवले, पुन्हा थांबवले, आणि हनुवटी किती वर राहिली आहे ते बोट ठेवून दाखवले. टेनिसचा एक जुना चेंडू त्यांनी आधीच बाजूला काढून ठेवला होता. तो हनुवटी आणि गळपट्टीच्या हाडामध्ये धरून, खाली पडू न देता, मला तीन फेऱ्या छायायुद्ध करायचे होते. पहिल्या फेरीत तो अकरा वेळा पडला.